टेलच्या वावरात पाणी आले कुठून?



ज्यांची जमीन चारीच्या शेवटाला आहे, त्यांना 'टेलवाला' ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको. आवर्तन सुटते, हेडच्या वावरात पाणी भळभळा वाहते, मधल्यांची भरणी होतात आणि टेलपर्यंत येता येता धार बोटाएवढी उरते. काही पाणी पाटात मुरते, काही उन्हाने उडते, काही कोणी मधेच वळवते. म्हणून भर उन्हाळ्यात टेलच्या एखाद्या वावरात हिरवागार ऊस डोलताना दिसला, तर जाणता माणूस काय म्हणेल? "कालव्याचे पाणी इथवर एवढे यायचे नाही. ह्याने जवळपास कुठेतरी विहीर पाडलेली दिसते." विहीर डोळ्यांना दिसो न दिसो, उसावरून तिचा पत्ता लागतो.

आज आभाळातली एक गोष्ट सांगायची आहे, ती अगदी अशीच आहे. तिथेही एक लांबलचक पाट आहे, टेलचे वावर आहे, आणि न दिसणाऱ्या विहिरींचा शोध आहे. फरक एवढाच, की त्या पाटातून पाणी वाहत नाही, प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे सूक्ष्म कण वाहतात. आणि तो पाट पाच हजार प्रकाशवर्षे लांब आहे.

आधी जागा दाखवतो. वैशाखात रात्री नऊच्या सुमाराला अंगणात बाज टाकून पडलात, की उत्तरा फाल्गुनीची ठळक चांदणी जवळजवळ डोक्यावर, किंचित पश्चिमेला कललेली दिसेल. पावसाळ्यात आपण 'उत्तरा लागल्या' म्हणतो, तेव्हा मात्र ती चांदणी दिसत नाही. कारण त्या दिवसांत सूर्यच त्या नक्षत्रात असतो. नक्षत्र लागते पावसाळ्यात आणि दिसते उन्हाळ्यात, अशी ही गंमत आहे. तर त्या चांदणीपासून हात लांब करून मूठ धरा. एक मूठभर अंतर पूर्वेला, कन्या राशीच्या हद्दीत, आपली आजची जागा आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसणार नाही. चांगल्या दुर्बिणीतून एक धुरकट गोल ठिपका दिसतो. फ्रान्सच्या शार्ल मेसिए यांनी १७८१ साली त्याची आपल्या यादीत नोंद केली. यादीतला तो सत्त्याऐंशीवा, म्हणून त्याचे नाव पडले एम ८७.

हा ठिपका म्हणजे एक प्रचंड दीर्घिका आहे. आपला सूर्य जसा आकाशगंगेतल्या अब्जावधी ताऱ्यांपैकी एक, तशी एम ८७ ही ताऱ्यांची दुसरी वसाहत, आणि आपल्या वसाहतीहून कितीतरी मोठी. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटे लागतात. एम ८७ चा उजेड यायला सुमारे साडेपाच कोटी वर्षे लागतात.

१९१८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत हेबर कर्टिस हे शास्त्रज्ञ अशा धुरकट ठिपक्यांचे फोटो तपासत होते. एम ८७ च्या फोटोत त्यांना मधोमधून निघालेली एक बारीक सरळ रेघ दिसली. काचेवर ओरखडा असावा, अशी. पण तो ओरखडा नव्हता. कर्टिस यांनी ती रेघ नोंदवून ठेवली आणि पुढच्या कामाला लागले. तिचा अर्थ लागायला पुढे तीस-चाळीस वर्षे जावी लागली. नोंद मात्र उपयोगी पडली. ज्याचा अर्थ आज लागत नाही तेही वहीत लिहून ठेवावे, ते असे.

आता ही रेघ म्हणजे काय? एम ८७ च्या मध्यभागी एक कृष्णविवर आहे. त्यात सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांइतके द्रव्य एकवटले आहे. १० एप्रिल २०१९ रोजी जगभरच्या दुर्बिणी जोडून घेतलेले त्याच्या सावलीचे चित्र प्रसिद्ध झाले. काळ्या मध्याभोवती केशरी कडे असलेले ते चित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रात पाहिले असेल. अशा कृष्णविवराकडे वायू ओढला जातो, तेव्हा तो थेट आत पडत नाही. मोरीच्या भोकाशी पाणी गरगरते तसा तो भोवती गरगर फिरतो आणि तापतो. ह्या फिरत्या चकतीत चुंबकत्व असते. ते पिळत जाते, आणि चकतीच्या आडव्या पातळीला काटकोनात, वर आणि खाली, कणांचे दोन झोत सुटतात. ज्या दीर्घिकेच्या पोटात असा खटाटोप चालू असतो, तिला 'सक्रिय दीर्घिका' म्हणतात. इथे एक लक्षात ठेवा. कृष्णविवराच्या आत जे गेले ते परत येत नाही. झोत सुटतो तो त्याच्या उंबरठ्याबाहेरून.

रेघेचे कोडे उलगडायला रेडिओची मदत झाली. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की कन्या राशीतून येणाऱ्या जोरदार रेडिओ लहरी ह्या एम ८७ मधूनच येतात. पण त्या उत्पन्न कशा होतात? तापलेली वस्तू उजेड देते हे आपल्याला ठाऊक आहे. लोहाराच्या भट्टीतला फाळ लाल होतो, मग पिवळा. ही रेघ मात्र तापल्यामुळे चमकत नव्हती. तिच्या प्रकाशाचा गुणच निराळा होता.

जुन्या लोकांनी खळ्यावरची मळणी पाहिली आहे. मधे तिवडा रोवलेला, त्याला दाव्याने बांधलेली बैलांची पात त्याच्याभोवती गोल गोल फिरते. बैलाला सरळ जायचे असते. दावे त्याला सरळ जाऊ देत नाही. इलेक्ट्रॉन नावाच्या विद्युतभारित कणाचे तसेच होते. तो अतिवेगाने धावत असतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याला गोल वळवते. तो नुसता एका जागी फिरत नाही, फिरत फिरत पुढेही सरकतो, आधाराच्या काठीवर चढणाऱ्या वेलासारखा. आणि असे वळण घेताना प्रत्येक वेळी तो थोडा प्रकाश टाकतो. अमेरिकेत १९४७ साली 'सिंक्रोट्रॉन' नावाच्या यंत्रात हा प्रकाश पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला, म्हणून त्याला सिंक्रोट्रॉन प्रकाश म्हणतात. आकाशातल्या अशा उजेडामागे हेच कारण असावे, हे सोव्हिएत रशियाच्या श्क्लोव्हस्की यांनी सुचवले.

त्याची परीक्षा कशी घ्यायची? दाव्याचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे टोक हलवा. दावे वर-खाली हलेल किंवा आडवे हलेल. साध्या दिव्याच्या प्रकाशात सगळ्या दिशांची हालचाल मिसळलेली असते. सिंक्रोट्रॉन प्रकाशात मात्र बरीचशी हालचाल एकाच दिशेने होते. १९५६ साली वॉल्टर बाडे यांनी एम ८७ च्या रेघेचा उजेड तपासला, आणि तो तसाच निघाला. रेघ म्हणजे चुंबकीय क्षेत्रात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा झोत आहे, हे पक्के झाले.

एक कोडे सुटले, की दुसरे उभे राहते. इथेही तसेच झाले.

रेडिओ लहरी, डोळ्यांना दिसणारा उजेड आणि क्ष-किरण ही एकाच घरातली भावंडे आहेत. फरक जोराचा. तालुक्याच्या दवाखान्यात मोडलेल्या हाडाचा फोटो काढतात ते क्ष-किरण. त्यांच्या एका कणात साध्या उजेडाच्या कणाच्या हजारो पट जोर असतो. इलेक्ट्रॉन जितका जोरकस, तितका तो जोरकस प्रकाश देतो. पण जितका जोरकस, तितकाच उधळ्या. कमी जोराचा इलेक्ट्रॉन जपून खर्च करतो, त्याची पुंजी टिकते. जास्त जोराचा इलेक्ट्रॉन दोन्ही हातांनी उधळतो आणि बघता बघता रिकामा होतो.

एम ८७ च्या झोतात चुंबकीय क्षेत्र किती असावे ह्याचा अंदाज घेऊन शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. रेडिओ लहरी देणारा इलेक्ट्रॉन लाखभर वर्षे पुरतो. डोळ्यांना दिसणारा उजेड देणारा इलेक्ट्रॉन काही शतके पुरतो. आणि क्ष-किरण देणारा? काही वर्षे, फार तर काही दशके. त्यानंतर त्याचा जोर संपतो.

आता पाटाची लांबी आठवा. पाच हजार प्रकाशवर्षे. म्हणजे प्रकाशाच्या वेगाने गेले तरी दुसऱ्या टोकाला पोचायला निदान पाच हजार वर्षे हवीत. केंद्रापाशी जोर घेऊन निघालेला इलेक्ट्रॉन वीस-पंचवीस वर्षांत रिकामा होणार असेल, तर झोतात दूरवर क्ष-किरण दिसताच कामा नयेत. दिसले, तर समजायचे, की वाटेत विहिरी आहेत.

ते दिसतात की नाही हे जमिनीवरून पाहता येत नाही, कारण आकाशातून येणारे क्ष-किरण हवेतच अडतात. आपल्या जिवाच्या दृष्टीने ते बरेच आहे. पण त्यामुळे क्ष-किरणांची दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. शिवाय क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले, तर परत न फिरता आत शिरतात. मग युक्ती काय? चपटा दगड तळ्यात सरळ टाकला तर बुडतो, तिरका भिरकावला तर टप्पे घेत जातो. तसेच क्ष-किरण आरशाला अगदी तिरके, घासून गेल्यासारखे लागले तर वळतात. अशा आरशांची दुर्बीण २३ जुलै १९९९ रोजी अमेरिकेने अवकाशात सोडली. तिचे नाव 'चंद्रा'. लाहोरला जन्मलेले आणि १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळालेले आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्यावरून ते ठेवले आहे.

नवी दुर्बीण वर गेली, की आधी तिची नजर जुळवून घ्यावी लागते. त्यासाठी शास्त्रज्ञांनी दूरचा एक क्वेसार निवडला. क्वेसार म्हणजे फार तेजस्वी केंद्र असलेली सक्रिय दीर्घिका. हा होता सुमारे सहाशे कोटी प्रकाशवर्षांवर. तिथे फक्त एक ठिपका दिसेल, तो नीट रेखीव दिसू लागला की नजर जुळली, असा त्यांचा बेत होता. ऑगस्ट १९९९ मध्ये दुर्बीण तिकडे वळवली, तर ठिपक्याला शेपूट! लाखांवर प्रकाशवर्षे लांबीचा झोत क्ष-किरणांत चमकत होता. आरसा बिघडला की काय, अशी शंका यावी असे ते दृश्य होते. पण आरसा ठीक होता. शेपूट खरी होती.

पुढे चंद्राने एम ८७ चा झोतही पाहिला. हबल दुर्बिणीला साध्या उजेडात ज्या गाठी झोतावर ओळीने दिसत होत्या, तशाच गाठी क्ष-किरणांतही दिसल्या, आणि त्या केंद्रापासून हजारो प्रकाशवर्षे दूरपर्यंत होत्या. टेलच्या वावरात ऊस डोलत होता. म्हणजे इलेक्ट्रॉनांना वाटेतच पुन्हा पुन्हा नवा जोर मिळत होता.

ह्या गाठींतल्या एकीने तर सगळ्यांना चकित केले. तिला एचएसटी-१ म्हणतात. केंद्रापासून ती दिसायला दोन-सव्वादोनशे प्रकाशवर्षांवर आहे. २००० ते २००५ ह्या पाच वर्षांत तिचे क्ष-किरणांतले तेज सुमारे पन्नास पट वाढले. एक वेळ अशी आली, की ती खुद्द केंद्राहून तेजस्वी दिसू लागली. मग ती मंदावली. एखादी विहीर एकदम उसळून वाहावी, तसे झाले.

ह्याच गाठीपाशी हबलने आणखी एक नवल टिपले. तिथले काही ठिपके प्रकाशाच्या सहा पट वेगाने सरकताना दिसले. प्रकाशाहून वेगाने काहीच जात नाही, मग हे कसे? हा नजरेचा फसवा हिशेब आहे. समजा, मुलगा पंढरपूरहून पायी घरी निघाला आणि प्रत्येक मुक्कामावरून घरी एकेक पत्र पाठवतो आहे. पत्र नेणारा माणूस मुलापेक्षा जरासाच भरभर चालतो. पहिल्या मुक्कामाचे पत्र फार लांबून येते, म्हणून उशिरा पोचते. शेवटच्या मुक्कामाचे पत्र जवळून येते, म्हणून लगेच पोचते. सगळी पत्रे चार दिवसांत घरी येऊन पडतात. पत्र हाती आल्याच्या तारखा मोजणारी आई म्हणेल, "पोरगा काय घोड्यावर बसून आला?" एम ८७ चा झोत आपल्या दिशेने तिरका येतो आहे. कण प्रकाशाच्या जवळपास वेगाने येतात आणि त्यांच्या पाठोपाठच्या 'पत्रां'मधले अंतर कमी होते. म्हणून वेग वाढल्यासारखा दिसतो. दुसरा झोत आपल्यापासून दूर जातो. त्याचा उजेड पुढच्या दिशेला एकवटलेला असल्यामुळे आपल्या वाट्याला फारसा येत नाही, आणि तो दिसत नाही. वाहन समोरून येताना दिवे डोळे दिपवतात, पाठ फिरवून गेले की तेच दिवे आपल्याला दिसत नाहीत. तसेच हे.

आता शास्त्रज्ञांच्या एका चुकलेल्या अंदाजाविषयी सांगितले पाहिजे. दूरच्या क्वेसारांचे झोत क्ष-किरणांत अपेक्षेपेक्षा फार जास्त तेजस्वी निघाले. त्याला एक सोपे स्पष्टीकरण सुचले होते. सगळ्या विश्वात अगदी थंड, मंद अशा लहरी भरून आहेत; त्या १९६५ साली उजेडात आल्या. झोतातले इलेक्ट्रॉन ह्या लहरींना धडक देऊन त्यांचा जोर वाढवतात आणि त्यांचेच क्ष-किरण होतात, असे ते स्पष्टीकरण. ह्यात विहिरींची गरजच नव्हती. कमी जोराचे, दीर्घायुषी इलेक्ट्रॉनही ते काम करू शकत होते. बरीच वर्षे ते पुष्कळांना पटले. पण ते खरे असेल, तर त्याच झोतांतून गॅमा किरणही सतत आले पाहिजेत. गॅमा किरण हे क्ष-किरणांहून जोरकस भावंड. २००८ साली सोडलेल्या फर्मी दुर्बिणीने वर्षानुवर्षे पाहणी केली. ३सी २७३ ह्या प्रसिद्ध क्वेसाराच्या झोतातून अपेक्षित तेवढे गॅमा किरण आलेच नाहीत. २०१४ साली हा हिशेब पुढे आला आणि त्या झोतापुरते ते सोपे स्पष्टीकरण बाजूला ठेवावे लागले. तिथेही अतिजोरकस इलेक्ट्रॉन वाटेतच तयार होत असावेत, ह्या विचाराला बळ आले.

मग ह्या विहिरी आहेत तरी काय? झोतात पुढे संथ चाललेल्या भागावर मागून वेगवान लोंढा आदळतो. तिथे एक धक्क्याची भिंत तयार होते. दोन मुले बॅट घेऊन एकमेकांकडे चालत यावीत आणि मधल्या चेंडूला आळीपाळीने टोलवावे, तर प्रत्येक टोल्याला चेंडूचा वेग वाढेल. इलेक्ट्रॉनही त्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे टोलवला जाऊन जोर कमावतो. दुसरा मार्ग असा, की पिळलेल्या चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात आणि त्यांत साठलेला जोर मोकळा होतो. २०२१ च्या डिसेंबरात सोडलेल्या एका अमेरिकी-इटालियन उपग्रहाने मार्केरियन ५०१ ह्या सक्रिय दीर्घिकेचे क्ष-किरण तपासले. बाडे यांनी साध्या उजेडाची जी परीक्षा घेतली होती, तीच परीक्षा क्ष-किरणांची घेतली. क्ष-किरणांतली हालचाल साध्या उजेडापेक्षा जास्त एकदिश निघाली. जोरकस, अल्पायुषी इलेक्ट्रॉन आपल्या विहिरीच्या काठाशीच, जिथे चुंबकीय क्षेत्र नीट रांगेत असते, तिथे उजळून संपतात. कमी जोराचे दूरवर पसरून गोंधळात मिसळतात. हे धक्क्याच्या भिंतीशी जुळते. हा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. पण एका वावराची विहीर सापडली म्हणून गावातल्या सगळ्या विहिरी सारख्याच, असे होत नाही. प्रत्येक झोताचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

ह्या कामात आपला देशही आहे. १ जानेवारी २०२४ रोजी भारताने क्ष-किरणांची हीच परीक्षा घेणारा 'एक्सपोसॅट' उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, शेतांच्या मधोमध, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या मोठमोठ्या जाळीदार तबकड्या उभ्या आहेत. दूरवर पसरलेल्या अशा तीस तबकड्या मिळून एक रेडिओ दुर्बीण होते. अशा दुर्बिणीला दिसतात ते कमी जोराचे, दीर्घायुषी इलेक्ट्रॉन. म्हणजे पाणी पूर्वी कुठे कुठे फिरून गेले, त्याची ओल रेडिओ दाखवतो. आज विहीर कुठे वाहते आहे, ते क्ष-किरण दाखवतात. दोन्ही नकाशे शेजारी ठेवल्याशिवाय पाटाचा इतिहास कळत नाही.

"ह्याचा आम्हांला काय उपयोग?" असे घरात कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवे. मध्य प्रदेशात इंदूरला 'इंडस-२' नावाचे यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर घेराच्या वर्तुळात ते इलेक्ट्रॉन फिरवते आणि वळणावळणाला त्यांतून क्ष-किरण मिळवते. त्या किरणांनी धातूंची, औषधांची, प्रथिनांची आतली रचना तपासतात. तिवड्याभोवतीच्या पातीचा जो नियम तिथे चालतो, तोच साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर चालतो. निसर्गाचा कायदा एकच असल्याचा ह्याहून चांगला दाखला कोणता?

पण मला विचाराल, तर खरा उपयोग दुसराच आहे. त्या विहिरी कोणी पाहिलेल्या नाहीत, कोणी कधी तिथे जाणार नाही. कण किती काळ पुरतो आणि वाट किती लांब आहे, ह्या दोन आकड्यांचा मेळ बसेना, तेव्हा माणसाने तिसरी गोष्ट ओळखली. तुम्हीही हेच करता. चारीला पाणी किती सुटले, आपल्या बांधावर किती आले, ह्याचा मेळ बसला नाही की तुम्ही पाट धरून चालत जाता आणि कुठे फुटला ते शोधता. विद्या तीच आहे.

तेव्हा वैशाखात एका रात्री मुलांना अंगणात घेऊन बसा. उत्तरेची चांदणी दाखवा, तिच्यापासून एक मूठ पूर्वेला मोजा, आणि सांगा, "इथे एक पाट वाहतो आहे." मुले विचारतील, "मग टेलला पाणी पोचते का?"

उत्तर आता तुम्हांला ठाऊक आहे.